आधी श्वास सोडा, मग 'माझं चुकलं' म्हणा

रेल्वे स्टेशनवर तुफान गर्दी होती. माझ्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन. नऊ वर्षांच्या मुलाला सांगितलं होतं, "बहिणीचा हात सोडू नकोस." मागे वळून बघितलं तर तो एकटाच उभा. पाच वर्षांची धाकटी कुठेच दिसेना.

ती सापडली. चारेक मिनिटांत, एका खांबाच्या मागे, बुटाची सुटलेली नाडी बांधायची खटपट करत बसलेली. तिला काही झालं नव्हतं. झालं ते मोठ्याला. त्या चार मिनिटांत मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. "एवढंही जमत नाही तुला?" पाण्याच्या बाटलीचा पट्टा त्याने दोन्ही मुठींत इतका आवळला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मला ते तेव्हाच दिसलं होतं. त्याचा अर्थ लागला रात्री.

त्यानंतर मी दोन गोष्टींबद्दल मिळेल ते वाचत गेले. भीतीने गाळण उडालेली असताना डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं, ही एक. आणि चुकल्यावर मनापासून माफी कशी मागायची, ही दुसरी. सुरुवातीला हे दोन वेगळे विषय वाटले होते. हळूहळू लक्षात आलं की मूळ एकच आहे. "माझं चुकलं" म्हणायची वेळ आली की शरीर जवळपास तसंच वागतं, जसं गर्दीत मूल दिसेनासं झाल्यावर वागतं. आपल्यापैकी कित्येकांना माफी मागता येत नाही त्याचं कारण उर्मटपणा असतोच असं नाही. बऱ्याचदा ती निव्वळ भीती असते. म्हणून आधी भीती समजून घेऊ.

मराठीत भीतीसाठी जे शब्दप्रयोग आहेत, ते शरीराकडे फार बारकाईने बघणाऱ्यांनी घडवले असावेत. घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो, छाती धडधडते. यातला एकही अलंकार नाही, शब्दशः हेच घडतं. धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन रक्तात सोडतात. काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढतात. कातडीतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. पचनाचं काम तात्पुरतं थांबतं, लाळ कमी होते, म्हणून घसा कोरडा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये या सगळ्या तयारीचं वर्णन 'लढा किंवा पळा' असं केलं. पुढच्या संशोधकांनी त्यात तिसरी तऱ्हा जोडली, थिजून जाण्याची. आपल्याकडे तिलाही शब्द आहे: दातखीळ बसणे.

हे सगळं सुरू करून देण्यात मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या छोट्याशा भागाचा मोठा वाटा असतो. आकार बदामासारखा, आणि नावही बदामाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेलं. मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांत एकेक असतो. न्यूयॉर्कमधले मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी दाखवून दिलं की धोक्याची खबर तिथे दोन वाटांनी पोचते. एक वाट जवळची, पण तिच्यावरून येणारं चित्र अंधुक असतं. दुसरी वाट लांबची, विचार करणाऱ्या मेंदूतून फिरून येणारी. अंधारात दोरीला साप समजून दचकण्याचं उदाहरण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात या दोन्ही वाटा आहेत. आपण मागे उडी मारतो ती जवळच्या वाटेमुळे, आणि "अरे, ही तर दोरी" असं म्हणतो ते लांबच्या वाटेमुळे. उडी आधी, समज नंतर. जीव वाचवण्यासाठी हा क्रम उत्तमच आहे. संवादासाठी मात्र तो फार वाईट. स्टेशनवर माझं ओरडणं म्हणजे जवळच्या वाटेवरची उडी होती. फरक इतकाच की मी ती माझ्या मुलाच्या अंगावर मारली.

त्यातच कपाळामागचा मेंदूचा भाग, जो थांबून तोलून-मापून बघतो, तो जोराच्या ताणाखाली नीट काम करेनासा होतो. म्हणून "त्या वेळी सुचलंच नाही" ही सबब नसते. खरोखरच सुचत नाही. ज्या भागाने सुचवायचं, तोच मागे पडलेला असतो.

आणखी एक गंमतीची वाटेल अशी, पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ती चार मिनिटं मला अर्ध्या तासासारखी वाटली. घाबरल्यावर काळ खरंच मंदावतो का, हे डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही जणांना सुमारे 31 मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडण्यात आलं. मनगटावरच्या एका यंत्रावर आकडे इतक्या वेगाने बदलत होते की एरवी ते वाचताच येऊ नयेत. काळ खरंच मंदावला असता तर पडताना ते वाचता आले असते. ते आले नाहीत. तरीही आपलं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वेळ चाललं, असं लोकांना वाटलं. या संशोधकांचा खुलासा असा की भीतीत आठवणी दाट साठतात, म्हणून मागे वळून बघताना तो काळ लांबलचक दिसतो. मला हे वाचून चर्रकन झालं, कारण घाबरलेली मी एकटीच नव्हते. मुलगाही तितकाच घाबरला होता. बहीण दिसेना म्हणून, आणि वर आई ओरडतेय म्हणून. म्हणजे माझं ते वाक्यही त्याच्या डोक्यात तेवढंच दाट साठलं असणार.

मग अशा वेळी करायचं काय?

पहिला उपाय आपण सगळे एकमेकांना सांगतो, पण अर्धवट सांगतो. "दीर्घ श्वास घे." घाबरलेला माणूस हे ऐकून भराभर मोठमोठे श्वास आत ओढतो आणि त्याला आणखी गरगरायला लागतं. त्याचं कारण साधं आहे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. खरी किल्ली श्वास सोडण्यात आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा किंचित कमी होतात. हे काम व्हेगस नावाची नस करते, जी मेंदूच्या तळापासून छातीत आणि पोटापर्यंत उतरलेली असते. श्वास सावकाश आणि लांब सोडला की ठोके उतरण्याची बाजू वरचढ होते. त्यामुळे घाबरलेल्या माणसाला "श्वास घे" असं सांगण्याऐवजी "श्वास सोड, हळू, पूर्ण सोड" असं सांगावं. आत येणारा श्वास आपोआप येतो. मेणबत्ती न विझवता तिची ज्योत फक्त हलवायची आहे, असं समजून ओठांच्या फटीतून हवा सोडायची. तीन-चार वेळा एवढं केलं तरी फरक जाणवतो. (कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला मात्र सोडून द्या. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो घातक ठरू शकतो.)

दुसरा उपाय इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसत नाही. जे वाटतंय त्याला नाव द्यायचं. "मी घाबरलेय." बस्स, एवढंच. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डालाची खळबळ कमी होते आणि कपाळाच्या बाजूचा मेंदू जास्त काम करू लागतो. स्टेशनवर "एवढंही जमत नाही तुला?" ऐवजी "मी खूप घाबरलेय, मला मदत कर, तू तिला शेवटचं कुठे बघितलंस?" असं तोंडातून आलं असतं, तर तेवढ्याच सेकंदांत आम्ही तिला शोधायला लागलो असतो. तो मघाशी तिच्यासोबत होता. तिला कुठे शोधायचं याची सगळ्यात चांगली कल्पना त्यालाच होती, आणि मी त्यालाच गप्प केलं.

तिसरा उपाय म्हणजे हातातलं पुढचं एकच काम ठरवणं. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कमध्ये उड्डाणानंतर थोड्याच वेळात एका प्रवासी विमानाला पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांची ताकद गेली. विमानात 155 माणसं होती. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर यांनी साडेतीन मिनिटांच्या आत विमान हडसन नदीवर उतरवलं आणि सगळे वाचले. नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की तो क्षण त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात भयानक होता, पोटात खड्डा पडल्यासारखं झालं होतं. म्हणजे शरीराने आपलं काम केलंच होतं. पण पुढचं बघा. विमान हातात घेतलं ते त्यांनी, आणि इंजिन पुन्हा सुरू करण्याची छापील यादी उघडली ती सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी. कामं वाटली गेली आणि प्रत्येकाने फक्त आपल्या पुढ्यातलं काम केलं. वैमानिकांना शिकवलेला क्रम असा असतो: आधी विमान हवेत ठेवा, मग दिशा बघा, बोलणं त्यानंतर. हा क्रम मला घरासाठीही फार मोलाचा वाटतो. आधी स्वतःला सावरा, मग काय करायचं ते बघा, बोला सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक जण बरोबर उलटं करतो.

शांत राहणं म्हणजे भीती न वाटणं अशी एक समजूत आहे, आणि तिच्यामुळे घाबरणाऱ्या माणसाला उगाच दुहेरी शिक्षा होते. एक भीतीची, दुसरी "मी घाबरट आहे" या लाजेची. छाती धडधडू दे. तेवढ्यातही पुढचं पाऊल नीट टाकता येतं. मात्र छातीत दुखत असेल, असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, किंवा काही कारण नसताना वारंवार जीव घाबराघुबरा होत असेल, तर श्वासाच्या युक्त्यांवर विसंबून राहू नका, डॉक्टरकडे जा.

आता माफीकडे येऊ. कुणी "तुझं चुकलं" म्हणालं की काय होतं ते पुढच्या वेळी जरा बारकाईने बघा. कान गरम होतात, जबडा आवळला जातो, उत्तर तोंडात तयार असतं. समोर ना साप असतो ना पडणारं विमान. धोका आपल्या स्वतःबद्दलच्या चित्राला असतो. "मी चांगली आई आहे" आणि "मी आत्ता मुलाला सगळ्यांसमोर तोडून बोलले" ही दोन वाक्यं डोक्यात एकत्र नांदत नाहीत. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये या ओढाताणीवर सिद्धान्त मांडला. त्याचा गाभा असा की दोन गोष्टी जुळत नसल्या की मन त्यातली सोयीची गोष्ट ठेवतं आणि दुसरी वाकवतं. माझ्या मनाने लगेच वाकवलं: "मी ओरडले, पण त्याने हात सोडलाच कशाला?" हे म्हणताना मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करायला हवं. 2013 मध्ये टायलर ओकिमोटो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही दिसलं की माफी मागायला नकार दिल्याने माणसाला आपण जास्त ताकदवान आहोत असं वाटतं. अडून बसण्यात खरोखरच एक सुख असतं. म्हणून तर ते सुटत नाही.

पण याच विषयावरच्या संशोधनाची दुसरी बाजू आशा देणारी आहे. करीना शुमन यांनी 2014 मध्ये दाखवलं की आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या मूल्याबद्दल आधी थोडा विचार करायला लावला, तर लोक जास्त पूर्ण माफी मागतात आणि सबबी कमी देतात. एकूण माणूस म्हणून आपण ठीक आहोत याची आठवण झाली की ती एक चूक मान्य करणं जिवावर येत नाही. स्वतःला आतल्या आत झोडपत राहिलं तर माफी चांगली मागता येईल, असं मला पूर्वी वाटायचं. घडतं नेमकं उलटं. झोडपलेलं मन आणखी घाबरतं आणि बचावाला उभं राहतं.

माफीत काय असावं याबद्दल रॉय लेविकी यांच्या चमूने 2016 मध्ये साडेसातशेच्या आसपास लोकांचं मत आजमावलं. खंत, काय झालं त्याचा खुलासा, जबाबदारी घेणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, भरपाईची तयारी, क्षमेची विनंती, असे सहा भाग त्यांनी तपासले. सगळ्यात वजनदार ठरली ती जबाबदारी, तिच्या खालोखाल भरपाई. आणि सगळ्यात कमी उपयोगाची ठरली "मला माफ कर" ही विनंती. आपण मात्र बहुधा तिथूनच सुरुवात करतो.

जबाबदारी वाक्याच्या घडणीतच दिसते. मराठीत "चूक झाली" असं म्हणतात. पाऊस आला, दिवे गेले, तशी चूक झाली. कुणी केली ते त्या वाक्यात नाही. "माझं चुकलं" त्यापेक्षा बरं. आणि "मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले" हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरं, कारण त्यात मी आहे, तू आहेस, आणि नेमकं काय केलं तेही आहे. "दुखावलं असेल तर सॉरी" या वाक्यातला 'तर' तर लगेच काढून टाकावा. समोरचा दुखावलेला दिसतोय. 'असेल तर' म्हणजे त्याच्या दुःखावर आपण पुरावा मागतोय. 'पण' या शब्दाचंही तसंच. 'पण'च्या आधी जे बोललो ते सगळं तो पुसून टाकतो.

खुलासा द्यावाच की नाही, यावर मी बराच विचार केला. "मी घाबरले होते म्हणून ओरडले" हे खरं आहे आणि मुलाला ते कळायलाही हवं, नाहीतर तो समजेल की तो नालायक आहे म्हणून आई ओरडली. पण तेच वाक्य आधी आलं की सबब होतं. जबाबदारी घेऊन झाल्यावर आलं की माहिती होतं. म्हणून क्रम सांभाळायचा.

आणि घाई करायची नाही. सिंडी फ्रँट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या 2005 च्या अभ्यासात असं दिसलं की फार लवकर मागितलेल्या माफीपेक्षा थोड्या उशिराने मागितलेल्या माफीने लोकांचं जास्त समाधान झालं, कारण मधल्या वेळात आपलं म्हणणं ऐकलं आणि समजून घेतलं गेलं असं त्यांना वाटलं. झटकन "सॉरी सॉरी" म्हणण्यात बरेचदा विषय मिटवण्याची घाई असते. आधी ऐकून घ्या, तेही लांब श्वास सोडत. समोरचा बोलत असताना शरीर पुन्हा "लढ" म्हणणारच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही जण सतत माफी मागत राहतात कारण समोरचा माणूस धोकादायक असतो. मारहाण करणारा, धमकावणारा. तिथे "माझं चुकलं" ही माफी नसते, स्वतःचा बचाव असतो. अशा माणसाला हा लेख वाचून आणखी नीट माफी मागायला शिकू नका. तिथून सुरक्षित बाहेर कसं पडायचं त्यासाठी विश्वासातल्या कुणाची तरी मदत घ्या.

त्या रात्री मी मुलाच्या खोलीच्या दाराबाहेर उभी होते. नऊ वर्षांच्या मुलाशी बोलायचं होतं, आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ही तीच भीती आहे. भिंतीला हात टेकून तीन वेळा श्वास सोडला. आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "स्टेशनवर मी तुझ्यावर सगळ्यांसमोर ओरडले. ते चुकीचं होतं. गर्दीत तिला सांभाळणं माझं काम होतं, मी ते तुझ्यावर टाकलं. तुला कसं वाटलं ते मला सांगशील?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी तिला हाक मारत होतो. तुझ्या आवाजात ऐकूच गेली नसेल तिला."

उत्तर तयार होतं माझ्याकडे. मी ते गिळलं. "बरोबर आहे तुझं," म्हटलं. मी घाबरले होते, हे त्यानंतर सांगितलं. पुढच्या वेळी तिचा हात मी धरीन, हेही सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याने माझ्या गळ्यात पडावं असं मला फार वाटत होतं. पण तेव्हा ते मागणं म्हणजे माझं मन हलकं करायचं कामही त्याच्यावरच टाकणं झालं असतं. मी दिवा बंद करून बाहेर आले.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच स्टेशनवर जायची वेळ आली. मी फोन पर्समध्ये टाकला, बॅग खांद्याला लावली आणि धाकटीचा हात धरला. तो आमच्या चार पावलं पुढे चालला होता. बाटलीचा पट्टा त्याच्या एका बोटात सैल लोंबत होता. खांबापाशी तो थांबला, वळून आम्हा दोघींकडे बघितलं, आणि पुन्हा पुढे चालायला लागला.